घाई कोणाला आहे?

(पटकथालेखनाच्या कार्यशाळेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

ओलीसनाट्याचा भाग लिहायला घेतला की नवा लेखक पहिल्याच पानावर घड्याळ लावून मोकळा होतो. ‘एका तासात पैसे आले नाहीत तर पहिला माणूस मारीन.’ झालं! आता पुढची चाळीस मिनिटं आपोआप पळतील, असा त्याचा हिशोब. पळतातही. फक्त प्रेक्षक ती फोन चाळत बघतो, कारण तासाच्या शेवटच्या मिनिटाला काय होणार हे त्याला ठाऊक असतं.

आज या घड्याळाबद्दलच बोलायचं आहे. उदाहरण घेतलंय ‘ला कासा दे पापेल’ या स्पॅनिश मालिकेचं. आपण तिला ‘मनी हाइस्ट’ म्हणून ओळखतो. कोणी पाहिली आहे म्हणून हात वर करायला सांगत नाही. लॉकडाउनमध्ये कोणी पाहिली नाही हे विचारलं तर मोजायला सोपं पडेल. ज्यांची खरंच राहिली असेल त्यांनी पुढचा अर्धा तास कानात बोटं घालावीत, कारण मी सगळं फोडणार आहे.

मालिकेआधी थोडा इतिहास. ओलीस धरणाऱ्याशी पोलिसांनी बोलायचं कसं, याचं शास्त्र फार जुनं नाही. 5 सप्टेंबर 1972 ला म्युनिक ऑलिंपिकमध्ये इस्रायली खेळाडूंना ओलीस धरलं गेलं आणि शेवटी अकराही जण गेले. बोलणी झाली, पण बोलणाऱ्यांपाशी पद्धत नव्हती. दुपारी पोलिस हत्यारं घेऊन ऑलिंपिक ग्राममधल्या इमारतीच्या छपरावर चढले. ते टीव्हीवर थेट दिसत होतं, आणि आतल्या खोल्यांतही टीव्ही होते. बेत गुंडाळावा लागला.

त्यानंतर न्यूयॉर्क पोलिसांनी हा विषय मनावर घेतला. हार्वी श्लॉसबर्ग नावाचा एक डिटेक्टिव्ह मानसशास्त्राचा डॉक्टर होता. तो आणि फ्रँक बोल्झ या दोघांनी वाटाघाटी करणारं पथक उभं केलं. जानेवारी 1973 मध्ये ब्रुकलिनमध्ये खेळसामानाच्या एका दुकानात चार बंदूकधारी अडकले आणि आत गिऱ्हाइकं-नोकर ओलीस. सुरुवातीच्याच गोळीबारात एक पोलिस मारला गेला होता. म्हणजे बाहेरच्यांचं रक्त किती उसळलं असेल बघा. तरीही पोलिस आत घुसले नाहीत. थांबले. सत्तेचाळीस तास थांबले. त्या अवधीत दुकानाचा मालक ओलिसांना घेऊन एका बंद केलेल्या जिन्याने छपरावर निसटला, आणि मग आतल्यांना शरण येण्यावाचून काही उरलं नाही.

यातून जे सूत्र पक्कं झालं ते असं: वेळ पोलिसांच्या बाजूने असतो. आतल्या माणसाला भूक लागते, झोप येते, लघवीला लागते, रागाचा पारा उतरतो. समोर बसलेल्या ओलिसाचं नाव कळतं, त्याला मुलं किती ते कळतं, आणि मग त्याच्यावर चाप ओढणं जड जातं. बाहेरच्याने फक्त बोलत राहायचं, आणि बोलणाऱ्याकडे निर्णयाचा अधिकार मुद्दाम ठेवायचा नाही. गाडी मागितली? ‘वरच्यांना विचारून सांगतो.’ पैसे? ‘वरच्यांना विचारून सांगतो.’ हे तंत्र शोधायला अमेरिकेला मानसशास्त्रज्ञ लागले. आपल्या कुठल्याही तहसील कचेरीत फुकट शिकवलं असतं.

आता पंचाईत अशी की हे तंत्र खऱ्या आयुष्यात जितकं गुणकारी तितकं पडद्यावर कंटाळवाणं. सत्तेचाळीस तास थांबलेले पोलिस कोण बघणार? म्हणून लेखक घड्याळ आणतो, वरचा अधिकारी उतावळा करतो, नेमबाजाचं बोट थरथरवतो. घाई बाहेरून चिकटवलेली असते.

‘मनी हाइस्ट’चा कर्ता आलेक्स पिना आणि त्याच्या लेखकांनी काय केलं ते बघा. त्यांनी दरोडेखोरांना बँकेत पाठवलं नाही, टांकसाळीत पाठवलं. माद्रिदमधली स्पेनची सरकारी टांकसाळ. आत सदुसष्ट ओलीस. बाहेर पोलिसांना वाटतं, हे पैसे घेऊन पळताना अडकलेले चोर आहेत. प्रत्यक्षात त्यांना कुठेही जायचं नाही. ते आत बसून नोटा छापतायत. दोनशे चाळीस कोटी युरो छापायचा बेत आहे आणि त्याला दिवसच्या दिवस लागणार आहेत. म्हणजे पोलिसांचं जे हत्यार, वेळ, तोच यांचा माल. बाहेरून बोलणी करणारी इन्स्पेक्टर राकेल मुरिल्यो जितकं शहाण्यासारखं वागेल, जितकं शांतपणे बोलणं लांबवेल, तितक्या जास्त नोटा यंत्रातून बाहेर पडतील.

मला ही कल्पना आजही थक्क करते, कारण ती एका फटक्यात आपली अडचण सोडवते. आता संथपणाच थरारक झाला. फोनवरचं निवांत संभाषण, ओलिसांसाठी मागवलेलं जेवण, ‘सगळे जिवंत आहेत याचा पुरावा द्या’ ही अगदी रीतसर मागणी, यातल्या प्रत्येक गोष्टीखाली छापखाना धडधडतोय. टोळीचा सूत्रधार, प्रोफेसर, बाहेर एका मोठ्या शेडमध्ये बसून फोन करतो, चष्मा वर सरकवतो, लाल कागदाच्या घड्या घालून पक्षी करतो. या माणसाला घाई नाही. राकेल फोन घ्यायच्या आधी केस वर गोळा करून त्यात पेन्सिल खुपसते. ती पेन्सिल नीट बघा. राकेल झालेल्या इतिझियार इतुन्योने त्या एका हालचालीत बाई कामाला बसली हे सांगून टाकलंय, संवादाची एक ओळही खर्च न करता.

आता आर्तुरोला गोळी लागते तो भाग. छतावर ओलीस आणि दरोडेखोर एकत्र आहेत. सगळ्यांच्या अंगावर तेच लाल कपडे, तोंडावर तोच चित्रकार दालीचा मुखवटा. ओलिसांच्या हातात खोट्या बंदुका दिलेल्या. समोरच्या नेमबाजाला दुर्बिणीतून एक मुखवटेवाला बंदूक घेऊन दिसतो, आदेश मिळतो, गोळी सुटते. मुखवटा काढल्यावर खाली टांकसाळीचा संचालक आर्तुरो रोमान. म्हणजे पोलिसांनी ओलिसालाच गोळी घातली.

इथपर्यंत कोणीही लिहील. पुढचं बघा. आता आत डॉक्टर पाठवायला हवेत. पोलिसांच्या दृष्टीने आयतीच संधी चालून आली. डॉक्टरांच्या पथकात वेष पालटून आंखेल हा राकेलचा सहकारी घुसवायचा ठरतो. प्रेक्षक म्हणून आपण कोणाच्या बाजूचे आहोत हे आपल्यालाच नीट कळेनासं झालेलं असतं. आंखेल पकडला जाऊ नये असंही वाटतं आणि प्रोफेसरने त्याला ओळखावं असंही वाटतं. आत टेबलावर शस्त्रक्रिया चालू आहे. त्याच इमारतीत खाली तिजोरीत मोनिका ही ओलीस लपवलेली आहे, मांडीत गोळी घेऊन. टोळीतल्या बर्लिनने तिला मारायला सांगितलं होतं, त्याचा साथीदार डेन्व्हर याला ते जमलं नाही, त्याने पायावर भागवलं. एका जखमेसाठी पोलिस खास पथक पाठवतात; दुसरी जखम आहे हे बाहेर कोणाला माहीतच नाही.

आणि मग चष्मा. आंखेल आत आला, त्याची झडती झाली, त्याला कोणी मारलं नाही, धमकावलं नाही, जाऊ दिलं. त्याचा चष्मा मात्र मधल्या वेळात त्याच्यापाशी नव्हता. परत मिळाला तेव्हा त्यात मायक्रोफोन बसवलेला होता. पोलिसांनी आत हेर पाठवला, तो बाहेर आला तोच प्रोफेसरचा कान होऊन, आणि स्वतः त्याला पत्ता नाही. गोळी नाही, स्फोट नाही. एक माणूस नाकावर चष्मा चढवून पोलिसांच्या तंबूत परत जातो. यापुढे तंबूतलं प्रत्येक वाक्य फुटणार आणि राकेलला आपल्याच जवळच्या माणसाचा संशय येणार. एका वस्तूने पुढच्या कित्येक भागांचं काम केलं. तुमच्या पटकथेत अशी वस्तू शोधा, बाकीचं नंतर बघू.

ओलिसाला पोलिसांची गोळी लागते हे मला एवढं महत्त्वाचं का वाटतं? त्यासाठी स्टॉकहोमला जावं लागेल. 23 ऑगस्ट 1973. नोरमाल्मस्तोरी चौकातल्या बँकेत यान-एरिक ओल्सन बंदूक घेऊन घुसला. तीस लाख क्रोनर मागितले, तुरुंगातला एक नामचीन कैदी आणून द्या म्हणाला, आणि सरकारने तो आणूनही दिला. चार ओलीस तिजोरीच्या खोलीत सहा दिवस. त्यांतली एक तरुण कर्मचारी, क्रिस्टिन एनमार्क, हिने पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांना फोन केला: आम्हाला या दोघांबरोबर बाहेर जाऊ द्या. मला भीती यांची नाही, पोलिस हल्ला करतील त्याची आहे. पाल्मे नाही म्हणाले. शेवटी पोलिसांनी वरून छिद्रं पाडून आत अश्रुधूर सोडला.

नंतर या बाईंच्या वागण्याला ‘स्टॉकहोम सिंड्रोम’ नावाचा आजार ठरवून सगळे मोकळे झाले. मला त्यात आजार दिसत नाही. समोरचा माणूस अजून मारत नाहीये आणि छतातून ड्रिल खाली येतंय. अशा वेळी कोणाची भीती वाटावी? आर्तुरोला लागलेल्या गोळीने मालिकेने हा प्रश्न पडद्यावर आणला. मोनिका-डेन्व्हरचं प्रेमप्रकरण पुढे फारच गोड होत गेलं, ते मला पटत नाही. पण त्याचं मूळ या भीतीत आहे तोवर ते उभं राहतं.

टीव्हीबद्दल एक मुद्दा सांगून पुढे जातो. टांकसाळीच्या वेढ्यात बातम्यांचे कॅमेरे हे तिसरं पात्र आहे. बर्लिनची बदनामी पोलिस बातम्यांमधून करतात. आठ विद्यार्थी सोडू की ब्रिटिश राजदूताची एक मुलगी, हा सवाल प्रोफेसर टाकतो आणि ते संभाषण माध्यमांपर्यंत पोचवतो. मुंबईकरांना यात नवल वाटणार नाही. 28 नोव्हेंबर 2008 च्या सकाळी नरिमन हाउसवर हेलिकॉप्टरमधून कमांडो उतरताना आपण सगळ्यांनी घरी बसून पाहिले, आणि सीमेपलीकडे फोन धरून बसलेलेही टीव्ही बघत होते. 2012 मध्ये कसाबच्या खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांना यावरून खडे बोल सुनावले. 2015 मध्ये नियम आला: दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण नाही, अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेली माहिती तेवढी दाखवायची. तेव्हा तुमच्या ओलीसनाट्यात चॅनेलवाली बाई माइक घेऊन कठड्यापाशी उभी राहून ‘आत्ताच कमांडो आत शिरत आहेत’ म्हणत असेल, तर तो नियम एकदा वाचून घ्या.

एक तांत्रिक गोष्ट. ही मालिका 2017 मध्ये स्पेनच्या आंतेना 3 वाहिनीवर आली तेव्हा सत्तरेक मिनिटांचे पंधरा भाग होते. नेटफ्लिक्सने ते कापून बावीस केले. म्हणजे लेखकाने भागाचा शेवट म्हणून लिहिलेली जागा आपल्यातल्या बहुतेकांनी मधेच कुठेतरी पाहिली, आणि मधलं एखादं दृश्य आपल्यासाठी शेवट झालं. तरीही ताण तुटला नाही, कारण तो भागाच्या शेवटावर टांगलेला नव्हताच. तो खाली चालू असलेल्या छापखान्यात होता. प्रोफेसर कॅफेमध्ये सायडरवाला साल्वा बनून राकेलला भेटतो, तिच्या फोनची बॅटरी संपली म्हणून आपला फोन देतो, हा योगायोग मला डोळे मिटून गिळावा लागतो. आपण गिळतो. खाली यंत्र चालू असलं की प्रेक्षक पुष्कळ काही गिळतो.

आता जेवणाआधी एक काम. शस्त्रक्रियेचा तो भाग आपण पडद्यावर पुन्हा लावतोय, पण आवाज बंद करून. कागदावर दोन रकाने पाडा. प्रत्येक दृश्यात घाईत कोण आहे ते डावीकडे आणि घाई दाखवतंय कोण ते उजवीकडे लिहा. जेवण झाल्यावर रकाने जुळवून बघू.