कार्ड बदललं की यंत्र बदलतं

मंडळी, माझ्या हातात आहे ते रास्पबेरी पाय या एका पाटीवर मावणाऱ्या छोट्या संगणकाचं पहिल्या पिढीतलं बोर्ड. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ते विक्रीला आलं. २५६ एमबी रॅम, ७०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर. आज खिशातला फोनसुद्धा याला हसेल. पण लॅपटॉपमध्ये आणि याच्यात मोठा फरक वेगाचा नाही. लॅपटॉपची डिस्क काढून तो चालू करा, पडद्यावर निदान 'डिस्क सापडत नाही' अशी तक्रार तरी उमटते. हे बोर्ड मेमरी कार्डाशिवाय चालू केलं तर लाल दिवा लागतो, बस्स. पडदा काळाच. याला स्वतःचं असं काही आठवतच नाही. जे आहे ते सगळं अडॅप्टरमध्ये बसवलेल्या त्या नखाएवढ्या मायक्रोएसडी कार्डावर.

त्यामुळे 'ऑपरेटिंग सिस्टिम इन्स्टॉल करणं' हे शब्द इथे जरा फसवे आहेत. ते काम कुणीतरी आधीच करून ठेवलेलं असतं. त्या तयार डिस्कची हुबेहूब नक्कल, म्हणजे इमेज, आपण कार्डावर उतरवतो. नवखी माणसं ती फाइल फोटो कॉपी करावा तशी कार्डात टाकतात आणि बोर्ड का उठत नाही म्हणून डोकं खाजवत बसतात. इमेज कॉपी करायची नसते, लिहायची असते.

लिहिताना मीही आपटलोय. 'डीडी' नावाची लिनक्स या मोफत सिस्टिमची जुनी आज्ञा आहे, ती कसलीही विचारपूस करत नाही. एका रात्री कार्डाच्या 'एसडीबी' या नावाऐवजी दुसऱ्या डिस्कचं 'एसडीए' टाइप झालं आणि माझ्या बॅकअपच्या डिस्कवर कोरी करकरीत सिस्टिम बसली. आता २०२० पासून मिळणारं रास्पबेरी पाय इमेजर वापरा; ते लॅपटॉपची स्वतःची डिस्क सहसा यादीतच दाखवत नाही. वापरकर्त्याचं नाव, पासवर्ड, वायफाय, एसएसएच (म्हणजे दुसऱ्या संगणकावरून बोर्डात शिरायची सोय) हेही त्यातच भरून टाका. पूर्वी 'पाय' आणि 'रास्पबेरी' ही नाव-पासवर्डाची जोडी जगजाहीर होती. एप्रिल २०२२ मध्ये ती काढून टाकली, ते बरंच झालं. आणि विंडोजवर कार्ड लिहून झाल्यावर 'ही डिस्क फॉरमॅट करायची का?' अशी खिडकी आली, तर नाही म्हणा. विंडोजला लिनक्सचा भाग वाचता येत नाही, म्हणून त्याला तो रिकामा वाटतो.

आता वीज दिली की काय होतं? इथे गंमत आहे. या बोर्डात आधी जागा होतो तो ग्राफिक्सचा भाग. मुख्य प्रोसेसर झोपलेलाच असतो. ग्राफिक्सवाला कार्डावरच्या फॅट विभागातून (विंडोजलाही वाचता येतो तो छोटा भाग) 'बूटकोड' वाचतो, मग 'स्टार्ट' नावाची फाइल, मग 'कॉन्फिग.टीएक्सटी'मधल्या आपल्या सूचना, आणि शेवटी कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, रॅममध्ये ठेवून प्रोसेसरला उठवतो. मध्येच काही अडलं तर हिरवा दिवा मोजून लुकलुकतो: चार वेळा म्हणजे 'स्टार्ट' फाइल सापडली नाही, सात वेळा म्हणजे कर्नल सापडला नाही. पडदा काळा असताना हा दिवाच आपल्याशी बोलत असतो. २०१९ च्या पाय ४ पासून 'बूटकोड'चं काम बोर्डावरच्याच एका छोट्या चिपमध्ये गेलंय, म्हणजे थोडीशी स्मरणशक्ती आली म्हणायची.

मग कुठलीही सिस्टिम कुठल्याही बोर्डावर का चालत नाही? पीसीच्या जगात ठरलेले शिष्टाचार आहेत. सिस्टिम येते आणि 'इथे कोण कोण आहे?' असं विचारते. अशा छोट्या बोर्डांवर विचारून उत्तर मिळत नाही. कुठला भाग कुठल्या पत्त्यावर बसलाय हे आधीच लिहून न्यावं लागतं. त्या यादीला डिव्हाइस ट्री म्हणतात. म्हणून डाउनलोड करताना 'आर्मसाठी' (आर्म म्हणजे या बोर्डांतल्या प्रोसेसरचं घराणं) एवढं वाचून थांबू नका, बोर्डाचं नाव शोधा.

प्रोसेसरची पिढीही आडवी येते. डेबियन या लिनक्सच्या एका प्रकाराची वेगवान आवृत्ती आर्मच्या सातव्या पिढीपासून पुढच्यांसाठी होती आणि या बोर्डाचा प्रोसेसर सहाव्या पिढीतला. त्यावर चालणारी जुनी आवृत्ती अपूर्णांकांची गणितं सॉफ्टवेअरमधून करायची, म्हणजे सावकाश. मग माइक थॉम्पसन आणि पीटर ग्रीन यांनी २०१२ मध्ये डेबियनची हजारो पॅकेजं, म्हणजे तिच्यातले प्रोग्रॅम, या प्रोसेसरसाठी पुन्हा बांधून काढली. तेच रास्पबियन. २०२० मध्ये त्याचं नाव रास्पबेरी पाय ओएस झालं.

माझं सगळ्यात लाडकं कार्ड मात्र वेगळंच आहे: रिस्क ओएस. आर्म प्रोसेसर ज्या एकॉर्न कंपनीत जन्मला, तिथलीच ही सिस्टिम. मुळं १९८७ पर्यंत जातात. लिनक्सशी तिचं काही नातं नाही. काही सेकंदांत डेस्कटॉप समोर येतो आणि तुम्ही अडाणी होता. मेनूची पट्टी नाही. माउसचं मधलं बटण दाबलं की मेनू उगवतो. फाइल साठवायची तर तिचं चित्र ओढून फोल्डरच्या खिडकीत सोडायचं. चार कोअर असले तरी काम मुख्यतः एकावरच चालतं. रोजच्या वापराला ती घ्या असं मी म्हणणार नाही. पण 'सेव्ह' म्हणजे असंच असतं, असं आपण किती गृहीत धरलेलं असतं ते तिथे कळतं.

फ्रीबीएसडी, नेटबीएसडी या आणखी दोन सिस्टिमही इथे नांदतात. गाणी-सिनेमांसाठी लिब्रेईलेक आहे. त्यांना प्रत्येकी एक कार्ड द्या; एकाच कार्डावर तीन सिस्टिम कोंबण्याचा खटाटोप मी सोडून दिलाय.

मागून प्रश्न आलाय: जुन्या बोर्डातलं कार्ड नव्यात चालेल का? पाय ४ येण्याआधी लिहून तसंच ठेवलेलं कार्ड पाय ४ मध्ये चालणार नाही, कारण तो 'स्टार्ट४' फाइल शोधतो आणि ती तिथे नसते. उलट आजच्या ३२-बिट रास्पबेरी पाय ओएसचा फॅट विभाग उघडून पाहा. 'कर्नल', 'कर्नल७', 'कर्नल७एल', 'कर्नल८' असे चार कर्नल शेजारी शेजारी बसलेत. बोर्ड आपल्याला हवा तो उचलतं. चला, हेच कार्ड या जुन्या बोर्डातल्या अडॅप्टरमधून काढून पाय ४ मध्ये घालू या. थांबा, आधी शटडाउन. हिरवा दिवा लुकलुकायचा थांबला की वीज बंद, आणि मगच कार्डाला हात लावा.