स्किझोफ्रेनिया: औषधावरून काढलेला माग

श्रोतेहो, नमस्कार.

स्किझोफ्रेनिया कशामुळे होतो, असं विचारलं की हल्ली पटकन उत्तर येतं, ‘मेंदूत डोपामिन वाढतं म्हणून.’ डोपामिन म्हणजे मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप नेणारं एक रसायन. उत्तर चुकीचं नाही, अर्धवट आहे. गंमत अशी, की इथे आजाराचं कारण कळून औषध निघालं नाही. औषध आधी सापडलं आणि त्याच्यावरून कारणाचा माग निघाला.

१९५२ साली पॅरिसमध्ये डिले आणि डेनिकर या डॉक्टरांनी क्लोरप्रोमाझिन मनोरुग्णांना दिलं. हे औषध भुलीच्या वेळी वापरून पाहिलं जात होतं. भास कमी झाले, संशय ओसरला. का, ते कुणालाच सांगता येईना. १९६३ मध्ये स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून सुचवलं, की ही औषधं डोपामिनचा संदेश अडवत असावीत. पुढे सत्तरच्या दशकात दिसलं, की औषध डोपामिनच्या डी-टू रिसेप्टरला, म्हणजे पेशीवरच्या निरोप घेणाऱ्या जागेला, जितकं घट्ट चिकटतं, तितका त्याचा डोस कमी लागतो. डोपामिन वाढवणाऱ्या ॲम्फेटामिन या उत्तेजक औषधाच्या अतिवापराने तर धडधाकट माणसालाही भास होतात.

आता जरा आत डोकावू. पेट स्कॅन या मेंदूच्या चित्र-तपासणीत हे रिसेप्टर औषधाने किती व्यापलेत, ते मोजता येतं. साधारण ६५ टक्के व्यापले की बऱ्याच रुग्णांना गुण येतो. ८० टक्क्यांच्या आसपास गेले की हात थरथरतात, अंग आखडतं, चेहरा निर्विकार होतो. म्हणजे डोस दुप्पट केला की गुण दुप्पट, असा हिशेब इथे चालत नाही. मेंदूत डोपामिनच्या मुख्य वाटा चार, आणि गोळीला त्यांतली एक निवडता येत नाही. हालचालींच्या वाटेवर अडथळा आला की कंप सुटतो. पिट्युटरी ग्रंथीकडे जाणाऱ्या वाटेवर आला की प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढून पाळी चुकते. कपाळामागच्या भागाकडे जाणाऱ्या वाटेवर मात्र डोपामिन मुळातच कमी पडत असावं, असं मानतात. म्हणूनच भासातले आवाज थांबले, तरी रुग्ण घुम्यासारखा बसून राहतो आणि घरच्यांना तो आळस वाटतो.

दुसरा धागा ग्लुटामेटचा, म्हणजे मेंदूतल्या आणखी एका निरोप्या रसायनाचा. केटामिन हे भुलीचं औषध ग्लुटामेटचा ‘एनएमडीए’ नावाचा रिसेप्टर अडवतं. ते दिल्यावर निरोगी माणसातही संशय, विस्कळीत विचार आणि शिवाय अलिप्तपणाही काही काळ दिसतो. ॲम्फेटामिनपेक्षा हे चित्र आजाराच्या जास्त जवळ जातं. शिवाय सुमारे एक तृतीयांश रुग्णांना नेहमीच्या डोपामिनरोधक औषधांनी पुरेसा गुण येत नाही. तेव्हा डोपामिन हा साखळीचा शेवटचा दुवा असावा, पहिला नव्हे, असं माझं मत आहे.

मग साखळी सुरू कुठे होते? एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला आजार असेल, तर दुसऱ्याला तो होण्याची शक्यता सुमारे ४० ते ५० टक्के. आनुवंशिकतेचा वाटा मोठा, पण निकाल पक्का नाही. २०२२ च्या मोठ्या अभ्यासात जनुकसंचातल्या २८७ जागांचा संबंध दिसला आणि त्यांतली प्रत्येक जागा धोका जेमतेम वाढवते. ‘स्किझोफ्रेनियाचं जनुक’ असं एकच काही नाही. सी-फोर हे जनुक मात्र लक्ष वेधून घेतं. किशोरवयात मेंदू पेशींमधले नको असलेले जोड छाटतो, आणि कुठला जोड छाटायचा, ही खूण करण्यात सी-फोरचा हात असतो. छाटणी गरजेपेक्षा जास्त झाली तर? आजार बहुधा विशीच्या आसपासच का उघड होतो, याचं हे मला सर्वांत पटणारं स्पष्टीकरण वाटतं. पण सी-फोरचा वाटाही लहानच आहे.

जन्माआधीचंही बघायला हवं. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली. तिच्या ऐन भरात गर्भधारणा झालेल्या मुलांमध्ये पुढे हा आजार जवळपास दुप्पट आढळला. आईच्या वागण्यामुळे मूल असं होतं, हा विसाव्या शतकाच्या मध्याचा सिद्धांत मात्र केव्हाच निकालात निघालाय. त्याने कितीतरी आयांना विनाकारण अपराधी ठरवलं.

डोपामिन तपासायला म्हणून कुणी रक्त किंवा लघवी मागितली, तर पैसे घालवू नका. रक्तातलं डोपामिन मेंदूत शिरत नाही, त्यामुळे त्या आकड्यावरून मेंदूतलं काही कळत नाही. निदान होतं ते रुग्णाशी आणि घरच्यांशी नीट बोलून. बाकी तपासण्या करतात, त्या दुसरा आजार नाही ना, हे बघायला. भास काही दिवसांतच अचानक सुरू झाले, सोबत ताप, फिट्स किंवा तोंडाच्या विचित्र हालचाली असतील, तर मेंदूतज्ज्ञांना दाखवायला वेळ लावू नका. काहींच्या शरीरात त्याच एनएमडीए रिसेप्टरविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. ती पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्यात सापडतात आणि तिथे उपचार सुरू होतो स्टिरॉइड व इम्युनोग्लोब्युलिनने.