क्लिफर्ड्स टॉवर: दगड सोडा, माती बघा

हे यॉर्क, उत्तर इंग्लंड. समोर चार पाकळ्यांच्या आकाराचा दगडी बुरुज दिसतोय ना, तो क्लिफर्ड्स टॉवर, पण तो तेराव्या शतकातला, बराच नंतरचा. आपल्याला बघायचीय ती खालची हिरवीगार टेकडी, कारण ती टेकडी नाहीच, माणसांनी घातलेला भराव आहे. आपल्याकडे गड बांधायला सह्याद्री आयता मिळाला, इथे सगळं सपाट, मग डोंगरच बनवला.

1066 ला नॉर्मंडीच्या, म्हणजे उत्तर फ्रान्समधल्या प्रांताच्या, विल्यमने इंग्लंड जिंकलं खरं, पण टिकवायचं कसं? हे बायोच्या पटावरचं, म्हणजे या विजयाची गोष्ट सांगणाऱ्या लांबलचक कापडावरचं, भरतकाम बघा, त्याच शतकातलं. हेस्टिंग्जला टेकाड रचतायत. आणि हे दोघं, काम सोडून फावड्यांनी मारामारी करतायत, का ते देव जाणे! टेकाडात रंगीत पट्टे शिवलेत ते भरावाचे थर. म्हणजे आधी गोल खंदक खणायचा, निघालेली माती मधे टाकायची, चोपून घट्ट करायची, मधे दगड-खडी, परत माती, पावसात धुपू नये म्हणून कुठेकुठे वरून चिकणमाती, आणि माथ्यावर लाकडी टॉवर. पायथ्याशी कुंपण घातलेलं मोठं अंगण, त्यात तबेले, कोठारं, शिपायांच्या खोल्या. याला म्हणतात मोट आणि बेली, मोट म्हणजे टेकाड, बेली म्हणजे अंगण. दगडी किल्ल्याला वर्षं जातात, याला तेवढा वेळच लागत नाही. यॉर्कला 1068 मध्ये एक झाला, बंड झालं म्हणून 1069 मध्ये नदीपलीकडे लगेच दुसरा, आणि त्यासाठी राजा फक्त आठ दिवस जास्त थांबला, असं बाराव्या शतकातला इतिहास लिहिणारा भिक्षू ऑर्डेरिक विटालिस लिहितो.

आठ दिवसात राजा थोडीच खणत होता, खणणारे इथलेच, जिंकलेले लोक, वेठीला धरलेले. जमीन सगळी राजाची, ती त्याने सरदारांना वाटली, सरदारांनी नाइटांना, म्हणजे घोडेस्वार योद्ध्यांना, बदल्यात लढायला हजर व्हायचं, आणि तळाशी शेतकरी, मालकाच्या शेतात फुकट राबणारा. टेकाडावर बसणारा मालक परका, भाषासुद्धा वेगळी. डूम्सडे बुकात, म्हणजे विल्यमने 1086 मध्ये करवलेल्या जमीन-पाहणीच्या नोंदवहीत, तर सरळ नोंद आहे की शहराच्या सात भागांपैकी एक किल्ल्यांसाठी उजाड केला.

पुढे 1069 मध्येच डेन, म्हणजे डेन्मार्कचे लोक, चालून आले, किल्ले पडले, शहर जळालं, हिवाळ्यात विल्यमने उत्तरेतली गावं जाळली. 1190 मध्ये याच टेकाडावर हल्लेखोर जमावापासून वाचायला लाकडी टॉवरमध्ये आसरा घेतलेले सुमारे दीडशे ज्यू मेले, पायथ्याशी पाटी आहे. मग भराव वाढवला, वर दगडी बुरुज चढवला, पण ते वजन मातीला पेललंच नाही, चौदाव्या शतकात बुरुज वरपासून खालपर्यंत दोन ठिकाणी तडकला.