ठाणे ते लंडन : ७,२०० किलोमीटरांचा हिशेब

ठाणे, ऐरोली, वाशी, खारघर या पट्ट्यात मुलगा किंवा मुलगी लंडनला असलेली घरे आता नवलाईची राहिलेली नाहीत. अशा घरात तिकीट हाती आले की एक प्रश्न हमखास निघतो : विमान मध्यरात्री दोनला सुटते आणि सकाळी सातला उतरते, म्हणजे पाच तासांत लंडन?

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या शहराच्या घड्याळाची असते. उन्हाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, म्हणून हा प्रवास साडेनऊ तासांचा आहे. ऑक्टोबरअखेर तिथली घड्याळे तासभर मागे घेतली जातात आणि फरक साडेपाच तासांवर जातो.

मुंबई ते लंडन हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवली, तर रेघ इराकवरून जाते. पृथ्वीगोलावर मात्र याच दोन शहरांमध्ये दोरा ताणला, तर तो कराची, इराण आणि कॅस्पियन समुद्राचा दक्षिण भाग ओलांडून जॉर्जियाची राजधानी तिबिलिसीच्या आसपास निम्मे अंतर गाठतो, पुढे काळ्या समुद्रावरून युक्रेनमधल्या ओडेसाच्या बाजूने युरोपात शिरतो आणि पट्टीच्या रेघेपेक्षा सुमारे २०० किलोमीटर आखूड भरतो.

ही सर्वांत जवळची वाट सध्या कागदावरच आहे, असे म्हणावे लागते. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२ मध्ये नागरी विमानांना बंद झाले आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपल्या हद्दीतून जाण्यास मनाई केली. मुंबईला निदान अरबी समुद्राचा आधार आहे, त्यामुळे विमान थेट ओमानच्या दिशेने वळू शकते. दिल्लीहून निघणाऱ्या विमानाला त्यासाठी आधी दक्षिणेकडे उतरावे लागते.

ताशी ९०० किलोमीटर वेगाने ७,२०० किलोमीटरांना आठ तास पुरायला हवेत. वरचा दीड तास वळसा, धावपट्टीपर्यंतची रांग, चढण, उतरण आणि मुख्यतः वारा यांच्या वाट्याला जातो. साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे, म्हणजेच जेट प्रवाह, जाताना समोरून आणि येताना पाठीमागून लागतात. म्हणूनच परतीचा प्रवास बहुधा अर्धा ते एक तास लवकर आटोपतो. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे पहिले आंतरराष्ट्रीय विमान मुंबईहून लंडनकडेच निघाले, तेव्हा त्याला कैरो आणि जिनिव्हा असे दोन थांबे घ्यावे लागले होते.

२५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली, ती देशांतर्गत मार्गांवर. उलवे (हा नवा विमानतळ) आणि सहार (मुंबईचा जुना आंतरराष्ट्रीय विमानतळ) यांच्यात सरळ रेषेत जेमतेम २५ किलोमीटर अंतर आहे, म्हणजे विमानाच्या दृष्टीने दोन मिनिटे; परंतु पनवेलच्या प्रवाशाला तेवढ्यासाठीच वाशीच्या खाडीपुलावरून संध्याकाळच्या गर्दीत दीड-दोन तास मोजावे लागतात. आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी पोहोचण्याचा शिरस्ता त्यात मिळवला, तर मध्यरात्री दोनच्या विमानासाठी रात्री नऊच्या सुमारास घर सोडणेच शहाणपणाचे ठरते, आणि उंबऱ्यापासून लंडनच्या हीथ्रो विमानतळापर्यंतचा हिशेब साडेचौदा तासांवर जातो.