भूल आणि मूत्रपिंड

श्रोतेहो, नमस्कार. शस्त्रक्रियेनंतर नातेवाईक परिचारिकेला हमखास विचारतात, "लघवी झाली का?" प्रश्न रास्त आहे, कारण हुंगवून दिलेल्या भुलेने रक्तदाब उतरतो, मूत्रपिंडाकडे जाणारे रक्त घटते आणि काही काळ लघवी कमी होते. भूल उतरली की बहुतेकांचे हे पूर्ववत होते. मात्र भरपूर लघवी म्हणजे ठणठणीत मूत्रपिंड, असे समजू नये.

१९६०च्या सुमारास मेथॉक्सीफ्लुरेन हे हुंगवून द्यायचे भुलेचे औषध वापरात आले. ते ईथर या जुन्या भुलेच्या औषधासारखे पेट घेत नसल्याने भूलतज्ज्ञांनी त्याचे स्वागत केले. पण १९६६ मध्ये अमेरिकेतील भूलतज्ज्ञ क्रँडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे दिसले की, ही भूल दिलेल्या दर ६ रुग्णांमागे जवळपास एकाला शस्त्रक्रियेनंतर पाण्यासारखी लघवी लिटरच्या हिशेबाने होते, आणि तरीही रक्तातील युरिया, म्हणजे मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ, चढत जातो, वजन घटते. पाणी तोडून पाहिले, लघवी घट्ट होईना. मूत्रपिंडाला पाणी राखायला सांगणारे व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक टोचले, मूत्रपिंड दाद देईना. बहुतेक जण दोन-तीन आठवड्यांत सावरले, काहींचा त्रास वर्षाहून अधिक टिकला. म्हणून पुन्हा सांगतो, भरपूर लघवी म्हणजे ठणठणीत मूत्रपिंड नव्हे.

हे उघड झाले ते किती पाणी गेले आणि किती लघवी आली, याच्या चोख नोंदींमुळे. रुग्णालयांनी नवी यंत्रे घेण्याआधी रात्रपाळीला पुरेशा परिचारिका नेमाव्यात, असे माझे ठाम मत आहे, कारण ही नोंद त्याच ठेवतात.

पुढे रिचर्ड मॅझी यांच्या संशोधनातून कारण कळले. शरीरात मेथॉक्सीफ्लुरेन मोडताना मूत्रपिंडाला घातक असे फ्लोराइड सुटते, आणि औषध चरबीत मुरत असल्याने हे फ्लोराइड कित्येक दिवस सुटत राहते. रक्तात लिटरमागे ५० मायक्रोमोल फ्लोराइड ही धोक्याची रेघ ठरली. आजचे हुंगवायचे औषध सेव्होफ्लुरेन लांबलेल्या शस्त्रक्रियेत ही रेघ ओलांडते, तरी रुग्णांच्या मूत्रपिंडांना तशी इजा होत नाही. ते श्वासावाटे लवकर निघून जाते आणि मेथॉक्सीफ्लुरेनइतके मूत्रपिंडातच मोडत नाही, हे त्यामागचे कारण मानले जाते.

आज अधिक घात होतो तो उतरलेल्या रक्तदाबाने, रक्तस्रावाने आणि वेदनाशामक गोळ्यांनी. तेव्हा सांधेदुखीसाठी रोज घेत असलेल्या गोळ्यांची पाकिटे आणि शेवटचा क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांच्या हाती द्या.