सहा तासांचं व्हॅलेटा

श्रोतेहो, नमस्कार. क्रूझ जहाज एखाद्या बंदराला लागतं तेव्हा धक्क्यावर बसगाड्यांची रांग उभी असते. सहा तासांत अख्खं बेट दाखवतो म्हणतात. माल्टाची राजधानी व्हॅलेटा इथे मात्र त्या बसकडे पाठ फिरवा आणि सरळ चालू लागा. शहर जेमतेम एक किलोमीटर लांब, रुंदी त्याहूनही कमी, आणि तीन बाजूंनी पाणी.

जहाज लागतं ग्रँड हार्बरमध्ये, अगदी तटबंदीच्या पायथ्याशी. वर जायला लिफ्ट आहे, अठ्ठावन्न मीटर उंच. ती थेट अप्पर बाराक्का बागेत सोडते. दुपारी बारा आणि चार वाजता इथल्या तोफा सलामी देतात. पहिल्यांदा ऐकणारा दचकतोच!

१५६५ साली ऑटोमन फौजेनं माल्टाला वेढा घातला. तेव्हा माल्टावर राज्य करणाऱ्या सेंट जॉनच्या सरदारांनी, म्हणजे एका ख्रिस्ती लढवय्या पंथानं, तो परतवला आणि पुढच्याच वर्षी, त्यांचा प्रमुख ला व्हॅलेट याच्या नावानं, या उघड्या टेकडीवर शहराची पायाभरणी केली. आराखडा लापारेल्ली या इटालियन अभियंत्याचा. त्यानं रस्ते पट्टीनं आखल्यासारखे सरळ काढले. म्हणून इथे नकाशा लागत नाही. बहुतेक रस्त्यांच्या टोकाला समुद्र दिसतोच. चढउतार मात्र भरपूर. काही गल्ल्या म्हणजे नुसत्या पायऱ्या, आणि दोन्ही अंगांना रंगीत लाकडी बंदिस्त सज्जे. उन्हाळ्यात सावलीची बाजू धरून चाला.

वेळ खर्चायचाच असेल तर सेंट जॉन्स को-कॅथेड्रलमध्ये खर्चा. बाहेरून अगदी रुक्ष, गढीसारखी इमारत. आत सगळीकडे सोनं, आणि पायाखाली सरदारांच्या संगमरवरी कबरी. फरशीला इजा होऊ नये म्हणून टोकदार टाचांच्या चपला आत चालत नाहीत. रविवारी पर्यटकांसाठी बंद, तेवढं आधी बघा. आतल्या एका दालनात काराव्हाज्यो या इटालियन चित्रकाराचं १६०८ चं भलंमोठं चित्र आहे: संत जॉनचा शिरच्छेद. त्यानं सही केलेलं हे एकमेव चित्र, आणि ती सहीसुद्धा संताच्या सांडलेल्या रक्तात. रोममध्ये खून करून पळालेला हा माणूस इथे सरदार झाला, काही महिन्यांत कैदेत पडला आणि तिथूनही निसटला. ज्या सेंट अँजेलो किल्ल्यातून तो पळाला, तो बागेच्या कठड्यावरून समोरच दिसतो. चित्र पाहून पुन्हा कठड्याशी या. मधलं पाणी बघितलं की त्या माणसाच्या हिमतीचा अंदाज येतो.

बाकी राजवाडा, संग्रहालयं वगैरे जमलं तर. सहा तासांत सगळं बघायचा हट्ट मला तरी पटत नाही.

घड्याळ मात्र जहाजाच्या वेळेवर लावा. काही जहाजं स्थानिक वेळ पाळत नाहीत. शिवाय सुटण्याच्या किमान अर्धा तास आधी सगळ्यांना वर बोलावतात, उशीर करणाऱ्यासाठी सहसा थांबत नाहीत. जहाज पाचला सुटणार असेल, तर चारची तोफ धक्क्यावरूनच ऐका. खालूनही ती चांगली दणदणीत ऐकू येते.