साधी हॅचबॅक की तिचं 'क्रॉस' रूप?

श्रोतेहो, नमस्कार. छोटी गाडी घ्यायची ठरते, घरात सगळ्यांचं एकमतही होतं, आणि शोरूममध्ये विक्रेता म्हणतो, "साहेब, हिचंच क्रॉस मॉडेल आहे, जरा बघून तर घ्या." बघितलं की पंचाईत. चाकांभोवती काळी जाड किनार, छतावर दांड्या, बंपरखाली चंदेरी पट्टी. शेजारी उभी असलेली साधी हॅचबॅक एकदम बिचारी दिसायला लागते.

आता हा थाट क्षणभर बाजूला ठेवू. साधी गाडी आणि तिचं क्रॉस रूप, अशा काही जोड्या बघा: होंडाची जॅझ आणि डब्ल्यूआर-व्ही, फोर्डची फिगो आणि फ्रीस्टाइल, टाटाची टियागो आणि टियागो एनआरजी, युरोपातली डाशिया सॅन्डेरो आणि सॅन्डेरो स्टेपवे. या जोड्यांतल्या काही गाड्या आता बंदही झाल्या, पण जुन्या गाड्यांच्या बाजारात हाच प्रश्न पुन्हा समोर येतो. प्रत्येक जोडीत मूळ सांगाडा एकच. आणि दणकट दिसणाऱ्या या क्रॉस गाड्यांमध्येही इंजिनाची ताकद फक्त पुढच्याच चाकांना जाते. चिखलात रुतल्यावर चारही चाकं जोर लावतील, ही आशा सोडा. घोड्यावर हौदा चढवला म्हणून त्याचा हत्ती होत नाही.

मग खरा फरक कशात? उंचीत. जमीन आणि गाडीचं पोट यांच्यातलं अंतर, म्हणजे ग्राउंड क्लिअरन्स. फिगोचं होतं 174 मिलिमीटर, फ्रीस्टाइलचं 190. जॅझचं 165, डब्ल्यूआर-व्हीचं 188. सॅन्डेरोच्या तिसऱ्या पिढीत साधी गाडी 133 वर, आणि स्टेपवे तिच्याहून 41 मिलिमीटर उंच, म्हणजे 174. गंमत लक्षात आली का? एका कंपनीची 'उंच' गाडी दुसऱ्या कंपनीच्या साध्या गाडीइतकीच. त्यामुळे मागच्या दारावर काय नाव लिहिलंय त्याला फारसा अर्थ नाही, आकडा बघा. आणि तो आकडाही बऱ्याचदा रिकाम्या गाडीचा असतो, हे विसरू नका. चार माणसं बसली, डिकी भरली, की स्प्रिंगा दबतात आणि त्यातले बरेच मिलिमीटर तिथेच संपतात.

हे अंतर तुम्हाला लागतं की नाही, हे कसं ओळखायचं? सध्या जी गाडी वापरताय, तिच्याखाली टॉर्च घेऊन वाका. पुढच्या बंपरची खालची कड खरवडलेली असेल, तर त्रास चढावर शिरताना होतो. तिथे गाडीचं नाक चाकांच्या किती पुढे आलंय हेही तितकंच महत्त्वाचं, आणि क्रॉस रूपाचा सजवलेला बंपर कधीकधी आणखी खाली उतरलेला असतो. चरे मधोमध, सायलेन्सरच्या नळीवर असतील, तर गतिरोधकावर पोट घासतंय. तिथे मात्र दीड-दोन सेंटिमीटरनं खरोखर सुटका होते. आणि कुठेच चरा नसेल तर? उत्तर तुमच्यासमोरच आहे.

उंची फुकट मिळत नाही. गुरुत्वमध्य वर गेला की वळणावर गाडी जास्त कलते. ते आवरायला कंपन्या बऱ्याचदा सस्पेन्शन कडक करतात, मग बारीक खड्डेही मागे बसलेल्यांच्या कमरेला कळतात. वजन थोडं वाढतं, वारा अडवणारा भाग वाढतो. वाऱ्याचा अडसर वेगाच्या वर्गानं वाढतो. ताशी 50 वरून 100 वर गेलात तर तो चौपट. म्हणून मायलेजमधली तूट गावातल्या गावात फारशी जाणवत नाही, महामार्गावर जाणवते. टायर मोठे असतील तर बदलायच्या वेळी त्यांचा खर्चही मोठा.

काळ्या प्लास्टिकबद्दल माझं मत जरा मऊ आहे. दाटीवाटीच्या पार्किंगमध्ये ते उपयोगी पडतं. त्यावरचा बारीक ओरखडा रंगवलेल्या पत्र्याइतका उठून दिसत नाही. पण वर्षानुवर्षं उन्हात राहिलं की पांढुरकं पडतं. छतावरच्या दांड्या काही गाड्यांवर निव्वळ शोभेच्या असतात, सामान बांधायच्या आधी पुस्तिकेत बघा.

घरात गुडघेदुखीचं माणूस असेल, तर उंच बसण्याचा मुद्दा मात्र गंभीरपणे घ्या. तो आकड्यावरून ठरवू नका. त्यांनाच शोरूममध्ये न्या आणि दोन्ही गाड्यांत चढ-उतर करू द्या, मागच्या सीटवरसुद्धा.

काही जण साधी गाडी घेऊन बाहेर स्प्रिंगांमध्ये रबर बसवून ती उंच करून घेतात. तो मार्ग मला पसंत नाही. चाकांचे कोन बदलतात, टायर वेडेवाकडे झिजतात आणि वॉरंटीचा वाद उभा राहतो. कंपनीनं उंच केलेल्या गाडीत शॉक-अब्सॉर्बर निदान त्या उंचीच्या हिशेबानं बसवलेले असतात.

टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका. घरची तीन माणसं बरोबर घ्या, आणि ज्या गतिरोधकावर तुमची आताची गाडी घासते, त्याच्यावरूनच दोन्ही गाड्या न्या. साधी गाडी आवाज न करता पार झाली, तर साधीच घ्या. फरकाचे पैसे तिच्याच वरच्या मॉडेलमधल्या जास्तीच्या एअरबॅगांवर किंवा चांगल्या टायरांवर घाला. घासली, तर क्रॉस रूप बिनदिक्कत घ्या. नमस्कार.